विहिरीच्या औषधाचा रंग

त्या शनिवारी पहिली थप्पड मला ताईने मारली, बाबांनी नाही. घरात आता कधी तो विषय निघालाच तर सगळे बाबांच्या हाताबद्दल बोलतात. ताई उठून आत जाते. पण सुरुवात तिने केली होती, आणि तो मार मला कधी चुकीचा वाटला नाही. म्हणून तो आधी लिहिते.

आम्ही तेव्हा शहराबाहेरच्या वाडी गावात राहत होतो. बाबा अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर होते. गोदामाच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या, एक न्हाणी आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक विहीर. दिवसभर ट्रक मागेपुढे व्हायचे आणि हमालांच्या शिव्या भिंतीतून आत यायच्या. बाबा घरी आले तरी गोदामातल्याच आवाजात बोलायचे. हातही तसाच चालायचा.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बी.एस्सी. झालेली, गावातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. ती काळी आहे. 'सावळी' हा शब्द आमच्याकडे फक्त पाहुण्यांसमोर निघायचा. मी गोरी निघाले, आणि त्यामुळे मला सिटी बसने रोज शहरात, नन्सच्या इंग्रजी शाळेत पाठवलं गेलं. ताईला नाही. शाळेत माझ्या तोंडून 'मले' निघालं की मुली हसायच्या. घरी 'मला' निघालं की आत्या हसायची. मग मी बोलणं कमी केलं आणि बघत बसायला लागले.

ताईला बघायला लोक यायचे तेव्हा मला शेजारी पाठवायचे. आई नुसती मागच्या दाराकडे बघायची आणि मी पुस्तक उचलून जायचे. पाहुणे गेले की आई भिंतीवर टकटक करायची. त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर पहिलंच स्थळ आलं, तेव्हा शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप होतं. मला स्वयंपाकघरात बसवलं. चहा झाला, पोहे झाले, आणि मुलाची आई हात धुवायला म्हणून उठली ती सरळ आत आली. मी स्टोव्हपाशी होते. तिने माझ्याकडे पाहिलं, कोणत्या शाळेत होतीस म्हणून विचारलं. मी शाळेचं नाव सांगितलं. एवढंच झालं.

आठ दिवसांनी आत्या निरोप घेऊन आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, काटोलकडे दिलेली. स्थळ तिनेच आणलं होतं.

"पसंती आली वं!" ती चपला काढता काढता ओरडली. आईने हात जोडले. आत्या खाली बसली, पाणी प्याली आणि मग म्हणाली, "पण मोठी नाही. धाकटी."

ताई दिवाणावर बसून सहामाहीचे पेपर तपासत होती. तिचं लाल पेन थांबलं नाही.

"पोरगा खाणीत ओवरसियर आहे गा भाऊ, क्वार्टर आहे. मायले कॉन्व्हेंटवाली सून पाहिजे. असं स्थळ पायानं चालत आलं, आता नाही म्हणू नोको."

"अन् मोठीचं?" बाबांनी विचारलं.

"मोठीचं पाहू मंग. तिचं काय, ती कमावून राहिली."

मला एकोणीस चालू होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मी म्हणाले, "मला बी.ए. पूर्ण करायचंय." बाबांच्या हातात पाण्याचा गडू होता. तो माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा पोपडा घेऊन खाली पडला. मग ते उठले.

"तुले इंग्रजी शाळेत कायले टाकलं होतं मंग?" प्रत्येक शब्दाला एक फटका होता. "याच्याचसाठी तं टाकलं होतं!"

माझी शाळा कशासाठी होती ते मला त्या दिवशी कळलं. ताईने पेपर गोळा केले आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

रविवार ठरला, आणि आत्या तोवर मुक्कामाला राहिली. चार वाजता मुलगा, त्याची आई आणि मामा येणार. मुलाला मी आवडले की तिथेच कुंकू लावायचं, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायची. म्हणजे रविवारी चारपर्यंत मला कुणालाच न आवडणारी व्हायचं होतं. याशिवाय माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. पळून जायची हिंमत नव्हती, आणि जायला जागाही नव्हती.

विहिरीत टाकायचं लाल औषध फडताळात होतं. पावसाळ्यात गावात हगवणीची साथ आली तेव्हा माणूस येऊन त्याच्या जांभळ्या खड्यांच्या पुड्या वाटून गेला होता. त्या पाण्यात आईने एकदा पालक धुतला, आणि चार दिवस तिच्या बोटांचा तपकिरी रंग साबणाने गेला नव्हता. हे मी पाहून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी ताई शाळेत होती. आई आणि आत्या बाजारात गेल्या. मी न्हाणीत अर्ध्या बादलीत अख्खी पुडी ओतली. पाणी जांभळाच्या रसासारखं झालं. मी त्यात फडकं बुडवून तोंडाला लावलं, मानेला लावलं, कोपरापर्यंत हात बुडवून बसले. आधी कातडी गुलाबी झाली, आणि मला वाटलं, फसलं. मग ती माझ्या डोळ्यांसमोर तपकिरी होत गेली. चुरचुरायला लागलं. मी रंगाचा दुसरा हात दिला, मग तिसरा. ओठांच्या कडा जळल्या तरी मी थांबले नाही.

मी ताईच्या रंगाची होईन असं मला वाटलं होतं. ताईच्या रंगाला एक झळाळी आहे, सगळीकडे सारखा आहे तो. मी आरशात पाहिलं तर चहा सांडलेल्या चादरीसारखी दिसत होते. मानेच्या घड्यांत काळ्या रेघा, नखं तंबाखू मळणाऱ्यासारखी. पण काम होण्यासारखं होतं. मी खूश झाले, खोटं सांगणार नाही.

साडेबाराला ताई आली. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, न्हाणीतल्या बादलीकडे पाहिलं. तिला काही विचारावं लागलं नाही. तिने थप्पड मारली. माझं डोकं चौकटीवर आपटलं.

"माह्यासारखं दिसलं का कोणी घेत नाही," ती म्हणाली, "हे तुले चांगलं माहीत आहे. नाही का?"

मी म्हणाले, "ताई, तसं नाही."

"मंग कसं आहे? सांग ना. इंग्रजीत सांग."

मी तेच केलं होतं. बादलीत हात बुडवताना मला ते दिसलंसुद्धा नव्हतं. तिने दुसरी थप्पड मारली, ती पहिलीपेक्षा हलकी होती, आणि खाली बसून रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. इतके लोक नाही म्हणून गेले तेव्हाही नाही.

मग बाजारातून दोघी आल्या. आईच्या हातातून नारळाची पिशवी खाली पडली. आत्या किंचाळली. तिचा आवाज गोदामापर्यंत गेला असावा, कारण बाबा जेवायच्या वेळेआधीच दारात उभे होते.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. आठवते ती थंडगार फरशी. मला न्हाणीत बसवलं. आईने वेणी मागे ओढून धरली. आत्याने आधी धुण्याचा सोडा लावला, नारळाच्या काथ्याने घासलं. रंग हलला नाही. मग राख, मग रॉकेल. रॉकेल ओठांवरच्या भाजलेल्या जागी लागलं तेव्हा मी आत्याच्या मनगटाला चावले. बाबांनी आत येऊन लाथ घातली. "चावते? कुत्री आहे का तू?" मग आत्याने टाचा घासायची पितळी वज्री घेतली.

"हळू घासा ना हो," आई एकदाच म्हणाली.

"हळू? उद्या चार वाजता हळू म्हणजो पाहुण्याइले!"

वज्री गालाच्या हाडावर फिरली आणि तिथलं कातडं निघालं. रंगाबरोबर. मग कपाळावर, मग डाव्या कोपराजवळ. पाणी तपकिरी वाहत होतं, मग त्यात लाल मिसळलं. मी ओरडायचं थांबवलं होतं, कारण तोंड उघडलं की राख आत जायची. न्हाणीच्या दारात ताई उभी होती. ती विज्ञान शिकवायची. या डागाला घासून काही होत नाही, लिंबू लावलं की तो विरघळतो, हे तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. मी ते तिच्या तोंडावर वाचलं. ती बोलली नाही.

थांबली ती आत्याच. वज्री हातात धरून ती मागे सरकली, डोळे बारीक केले.

"भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, "हे तं कोडावानी दिसून राहिलं."

सगळे हात थांबले. तपकिरी तोंडावर जिथे जिथे घासलं गेलं होतं तिथे पांढरट ठिपके उठले होते. आईने माझी वेणी सोडली. आमच्याकडे मार लपत नाही, भांडण लपत नाही, सगळ्या चाळीला सगळं ऐकू येतं आणि कुणी मनावर घेत नाही. पण कोडाचं नुसतं नाव निघालं तरी त्या घराच्या दारात सोयरीक येत नाही. माझ्यासाठी नाही आणि ताईसाठीही नाही.

"येऊ नोका म्हणून निरोप धाडू," आई म्हणाली.

"अन् शेजारची विचारते तं? हे तोंड तिनं पाहिलं तं?" आत्या म्हणाली. "आठ दिवसांत काटोलपर्यंत जाते गोष्ट. लपवून राहिले म्हणतीन."

बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. हमालांवर ओरडणारा माणूस पहिल्यांदा घाबरलेला दिसला. आणि तेव्हा ताई बोलली.

"मी काढून देते. डाग राहणार नाही."

"तुले येते?" बाबा तिच्याकडे वळले. "मंग इतक्या वेळ काहून मुकी होती?"

"माही अट आहे." ताईचा आवाज वर्गातला होता. "हिले उद्या दाखवायचं नाही. तिचं बी.ए. होऊ द्यायचं."

बाबांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. कमावती होती, आणि काळी होती. का कोण जाणे, त्यांना तिच्यासमोर लाजल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी त्यांनी पायातली चप्पल काढली. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कानातली रिंग वाकली आणि कानाची पाळी फाटली. तिने हात वर केला नाही.

"मारा," ती म्हणाली. "अन् हिले अशीच ठेवा. सोमवारी शाळेत मीच सांगते, आमच्या घरी कोड आहे. माह्या बहिणीले आहे. मलेही होईन."

"तू सांगशील? स्वतःचं लग्न मोडशील?"

"कोणतं लग्न?" ताई म्हणाली. "दाखवा ना मले, कोणतं?"

आत्या छाती बडवायला लागली. बाबांनी चप्पल पुन्हा उचलली आणि ती तशीच वर राहिली. न्हाणीत माझ्या कपड्यांतून पाणी टपकत होतं. आई उठली, स्वयंपाकघरात गेली. आतून तिचा आवाज आला.

"लिंबं किती पाहिजेत?"

बाबांनी चप्पल खाली टाकली. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. बाहेर निघून गेले.

अजून ऊन होतं. ताईने मला मागच्या अंगणात, विहिरीपासून लांब, भिंतीच्या आडोशाला पाटावर बसवलं. जिथे कातडं सोललं होतं तिथे तिने आधी बोटाने खोबरेल तेल ठेवलं. चोळलं नाही, नुसतं ठेवलं. वाटीत लिंबाचा रस आणि तेवढंच पाणी. बाबांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा. ती फडकं भिजवायची, डागावर धरायची आणि मनात आकडे मोजायची. तिचे ओठ हलायचे. फडकं उचललं की तपकिरी रंग पिवळट झालेला असायचा. दुसऱ्या वेळेला तो नसायचा. रॉकेल, राख, सोडा आणि पितळ ज्याच्यापुढे हरलं होतं, ते कुणी जोर न लावता निघून जात होतं. तरीही झोंबत होतं. मी हुंदका दिला.

"हलू नको."

"ताई, तुला माहीत होतं."

"हाव."

"मग सुरुवातीलाच का नाही सांगितलंस?"

तिने फडकं वाटीत पिळलं. तिच्या कानातून रक्ताची रेघ मानेवर उतरून वाळली होती. "मले पाहायचं होतं," ती म्हणाली, "किती घासतात ते." मग फडकं पुन्हा भिजवलं. "अन् मले वाटलं, घासू दे."

मी म्हणाले, "ताई, तुझा रंग मला..."

"बोलू नको. तोंडात लिंबू जाईन."

अंधार पडायच्या आत माझं तोंड आणि मान साफ झाली. सोललेल्या जागा होत्या, पण ती साधी जखम होती, पडलं म्हणून सांगता येण्यासारखी. मी हात पुढे केले. ताईने वाटी उलटी केली.

"हात नाही. सोमवारी."

"का?"

"उद्या चार वाजता तुले बाबा हाताले धरून बाहेर आणतील. तोंड चांगलं दिसलं का शब्द कोण पाळते?"

ती आत गेली, आणि बाबा परत आल्यावर मी तिला त्यांना सांगताना ऐकलं. आवाज थकलेला होता, मास्तरणीचा. हे औषध हळूहळूच काढावं लागतं, एका दिवसात सगळं काढलं तर कातडं गळून पडेल, डाग जन्मभर राहील. धादांत खोटं होतं. एक लिंबू आणि अर्धा तास, एवढंच काम उरलं होतं. पण घरात बी.एस्सी. ती एकटीच होती.

रविवारी सकाळी बाबा खरंच माझ्यापाशी आले. माझं तोंड पाहिलं, हनुवटी धरून उजेडाकडे वळवलं. मग आत्याला हाक मारली, "बाई, पोट्टी ठीक दिसून राहिली, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज..." आणि त्यांचं लक्ष हातांवर गेलं. बोटं, तळवे, नखं, सगळं तपकिरी आणि मध्येमध्ये पांढरं. चहाचा कप द्यायला हातच लागतात. कुंकू लावून घेतल्यावर ओटी घ्यायलाही हातच लागतात. त्यांनी माझी हनुवटी इतक्या जोरात सोडली की दात जिभेवर आले.

चार वाजता पाहुणे आले तेव्हा मी आतल्या खोलीत कडी लावून होते. मुलाची आई मोठ्याने विचारत होती, ताप आहे तर लांबूनच बघते, मी काय परकी आहे? ती खोलीच्या दारापर्यंत आली. कडी हलली. मी दोन्ही हात पाठीमागे घेऊन भिंतीला चिकटले. बाहेर बाबांचा आवाज आला, गोदामातला.

"कांजण्या आहेत तिले! दार खोलू नोका. एकदा सांगून समजत नाही का?"

मुलाचा मामा चिडला. बोलावून अपमान करता का, असं काहीतरी म्हणाला. बाबांनी त्याला त्याहून वाईट उत्तर दिलं. एक कपबशी फुटली. आत्या मध्ये पडली, रडली, पण बाबा आता थांबणारे नव्हते. आमच्यावर काढता आला नाही तो सगळा राग त्या माणसांवर निघाला. धक्काबुक्की झाली. ते लोक गेले तेव्हा अर्धी चाळ अंगणात उभी होती, आणि ते स्थळ कायमचं मोडलं हे सगळ्यांनी ऐकलं. आत्या तशीच, चहा न पिता, संध्याकाळच्या बसने काटोलला गेली. नंतर दोन वर्षं ती आमच्याकडे आली नाही.

बाबा माझ्याशी उन्हाळ्यापर्यंत बोलले नाहीत. कॉलेज मात्र बंद केलं नाही. त्यांनी शब्द पाळला असं मी म्हणणार नाही. त्यांनी दिलाच नव्हता.

सोमवारी सकाळी शाळेत जायच्या आधी ताईने हात घेतले. आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. तिच्या कानाला हळद होती. तिने माझा डावा हात आपल्या हातावर ठेवला, फडकं धरलं, मोजलं, उचललं. मग उजवा. बोटांच्या मधल्या जागा, नखांच्या कडा, काही सोडलं नाही. इतक्या हळू कुणी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. शेवटी तिने पाणी घातलं, आणि माझा हात तिच्या तळहातावर उताणा पडलेला होता, गोरा, ओला, जसा होता तसा.

आम्ही दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं. मी बोटं मिटायला गेले. त्याआधीच तिने आपला हात खालून काढून घेतला, पदराला पुसला आणि उठली.

"राहिलं असंन तं तूच काढ," ती म्हणाली. "मले उशीर होऊन राहिला."